छापायची घाई नको

त्यांचं नाव मी इथे देणार नाही. दिलं तर ते आधी प्रूफ मागतील. मग अक्षरं जरा डावीकडे सरकली आहेत म्हणतील, कागद उजेडाला धरतील, दोन बोटांत चोळून बघतील, आणि हा मजकूर तुमच्यापर्यंत येईस्तोवर तुमची मुलं नोकरीला लागलेली असतील. नाव न देण्याचं दुसरंही एक कारण आहे, ते ओघात येईल. ऑफिसात सगळे त्यांना पाठीमागे जीएसएम म्हणायचे. आपणही तेच म्हणू. तोंडावर म्हणायची हिंमत तेव्हाही कुणात नव्हती, तोंडावर सगळे काका म्हणायचे.

जीएसएम हे कागदाचं माप, आकडा जितका मोठा तितका कागद जाड. झेरॉक्सचा कागद ऐंशीच्या आसपास, आणि बऱ्यापैकी व्हिजिटिंग कार्ड तीनशेच्या पुढे, हे ज्ञान मला त्यांच्यामुळे झालं आणि आजतागायत त्याचा काडीचा उपयोग झालेला नाही. ते मात्र माणसंही याच मापाने मोजायचे. मालकांचा जावई त्यांच्या हिशेबी एकशेतीसचा, पंखा लावला की उडणारा. चहा करणाऱ्या मावशी साडेतीनशेच्या. मी नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "दोनशेवीस. बघू पुढं."

आमची कंपनी वजनकाट्यांची होती. अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत, मरोळच्या बाजूला, एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. मी विक्रीत होते. जीएसएम म्हणजे आमचं अ‍ॅडमिन. चहापत्ती, टोनर, पाण्याचे जार, खुर्च्यांची निखळलेली चाकं, सगळं त्यांच्याकडे, आणि ते सगळं ते सकाळच्या चहाआधी उरकून टाकायचे. त्यांचा जीव अडकला होता तो एकाच कामात. कर्मचाऱ्यांची व्हिजिटिंग कार्डं छापून घेणं. खरं तर छापून न घेणं म्हणायला हवं, कारण मी तिथे असेपर्यंत त्यांनी ज्या चिकाटीने लोकांना कार्डावाचून ठेवलं, तेवढ्या चिकाटीने त्या कंपनीत दुसरं कुठलंच काम झालं नाही.

नवा माणूस आला की त्याची 'बैठक' व्हायची. जेवणाची सुट्टी संपली की जीएसएम आपलं टेबल रिकामं करायचे, त्यावर जुन्या कॅरमच्या खोळीचं हिरवं कापड अंथरायचे आणि कागदांचे नमुने ओळीने मांडायचे. माझ्या बैठकीला त्यांनी मला डोळे मिटायला लावले. "डोळे फसतात, बोटांना विचार," म्हणाले. मी बोटांना विचारलं. बोटं म्हणाली तिसरा. डोळे उघडले तर ते माझ्याकडे दुःखाने बघत होते. तो लग्नपत्रिकेचा कागद आहे, तुला लग्न करायचंय की काटे विकायचेत, असं त्यांनी विचारलं.

लग्नाचा विषय निघाला तो तिथेच थांबला नाही. नाव कसं घालायचं? पूर्ण, की वडिलांचं फक्त आद्याक्षर? आणि लग्नानंतर आडनाव बदलणार का? मी म्हटलं, नाही. नवऱ्याला विचारलंस का? मी म्हटलं, नवराच नाही अजून. "मग थांबू की," ते म्हणाले आणि कापडाची घडी घातली. एका कार्डापायी माझं लग्न होईपर्यंत थांबायची त्यांची तयारी होती. माझ्या सख्ख्या आत्यानेही एवढा धीर दाखवला नव्हता.

मी थांबायला तयार नाही हे कळल्यावर त्यांनी बाकीचे प्रश्न काढले. चकचकीत की मंद? कोपरे सरळ की गोल? आडवं की उभं? नावावर उठावदार चमक हवी की नको? प्रत्येक प्रश्नाला एक बैठक, प्रत्येक बैठकीनंतर एक प्रूफ, आणि प्रत्येक प्रूफाच्या परीक्षा. ते कार्ड टेबलावर वरून सोडायचे आणि आवाज ऐकायचे. मग कोपऱ्याने स्वतःचे दात कोरायचे, कारण मीटिंगमध्ये लोक कार्डाने दात कोरतात आणि तेव्हा कोपरा मऊ पडला तर कंपनीची इज्जत जाते, असं त्यांचं म्हणणं होतं. सगळ्यात मोठी परीक्षा खिशाची. मे महिन्याच्या उकाड्यात कार्ड शर्टाच्या खिशात दिवसभर ठेवायचं आणि संध्याकाळी बघायचं, शाई सुटते का. सुटायची. त्यांच्या सगळ्या पांढऱ्या शर्टांच्या खिशांवर कुणाकुणाची नावं उलट्या अक्षरांत उमटलेली असायची. माझं नाव मी छापलेलं पहिल्यांदा पाहिलं ते असं, उलटं, एका परक्या माणसाच्या छातीवर.

क्यूआर कोडचं एकदा कुणीतरी सुचवलं. त्यांनी नमुना दूर धरला आणि कार्डाला मुंग्या लागल्यात म्हणाले. तो विषय संपला.

हे वेड ऑफिसपुरतं असतं तर चाललं असतं. आमच्यातल्या एकाचं मुलुंडला लग्न होतं. सगळे जेवणाच्या रांगेत उभे, आणि हे वधूच्या वडिलांना बाजूला घेऊन काहीतरी गंभीर बोलताहेत. मी जवळ जाऊन ऐकलं तर पत्रिका चाललेली. सोनेरी अक्षरं बोटाला लागतात, प्रेसवाल्याने तुम्हाला सपशेल गंडवलंय. त्या बिचाऱ्यांना वाटलं, हे मुलाकडचे कुणी मोठे पाहुणे आहेत आणि मानपानात कमी पडलंय. त्यांनी हात जोडून माफी मागितली. जीएसएमनी ती दिली आणि श्रीखंड घ्यायला गेले.

आता, मला कार्ड कशाला हवं होतं ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की मीही तसलीच. मी मानखुर्दची. वडील शाळेत शिपाई होते, मूळचे जालन्याकडचे. घरात मीच पहिली, जिला लोक मॅडम म्हणणार होते. नोकरी लागल्याच्या दिवशीच वडिलांनी शोकेसमधल्या चिनी मातीच्या बाहुल्या दाटीवाटीने सरकवून मधे चार बोटं जागा केली. तिथे माझं कार्ड उभं राहणार होतं. रोज संध्याकाळी मी चप्पल काढते न काढते तोच ते विचारायचे, "आलं का गं?" आणि मी म्हणायचे, कोपरे चाललेत. पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं आणि नुसतं बघायला लागले, ते मला जास्त लागायचं.

शिवाय धंद्याचा भाग होताच. ट्रॉम्बेच्या बाजूला एका लॅबमध्ये काटा दाखवायला गेले. तिथल्या साहेबांनी आपलं कार्ड पुढे केलं आणि हात तसाच ठेवला. मी पर्समधून आमचं माहितीपत्रक काढलं, त्याच्या पाठीवर पेनने नाव-नंबर लिहिला आणि त्या हातात ठेवलं. नंतर कळलं, त्यांच्या फोनमध्ये मी 'काटा मॅडम' म्हणून जमा आहे. अजूनही आहे.

माझ्याबरोबरच बोरिवलीचा एक मुलगा लागला होता. गोरा, गुळगुळीत, सगळ्यांना 'बॉस' म्हणणारा. त्याची बैठक एकदाच झाली आणि आठवड्यात त्याची कार्डं हजर. जाड कागद, गोल कोपरे, नावावर चमक. मला त्यांनी तेव्हा आठव्या की नवव्या प्रूफाला लटकवून ठेवलं होतं. माझं डोकं फिरलं. मी सरळ मालकांकडे तक्रार केली, आणि बरोबरच केलं. मालक भला माणूस. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि दिलासा म्हणून स्वतःचं कार्ड मला दाखवलं. त्यावरचा टेलिफोन नंबर पेनने खोडून वर नवा लिहिलेला होता, तोही खोडून तिसरा. "माझंसुद्धा त्याच्याकडेच आहे," ते म्हणाले. "बोलतो, या वर्षी होईल."

बोरिवलीचा बॉस चार महिनेही टिकला नाही. समोरच्या कंपनीत गेला, आमची गिऱ्हाइकं घेऊन. त्याच्या कार्डांच्या डब्या न फोडता जीएसएमच्या लोखंडी कपाटात गेल्या. हे कपाट म्हणजे कंपनी सोडून गेलेल्यांचं स्मारक होतं. जे जे गेले त्यांची उरलेली कार्डं तिथे रचून ठेवलेली, आणि जीएसएम त्यांच्या कोऱ्या पाठींवर रोजच्या चिठ्ठ्या लिहायचे. एका माजी जनरल मॅनेजरच्या पाठीवर 'फिनेल संपलं' लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय.

बोरिवलीकराच्या पाठीवर 'डासांची कॉइल' लिहिलेली चिठ्ठी हातात आली तेव्हा मी ती घेऊनच त्यांच्या टेबलाशी गेले. म्हटलं, काका, हा पळपुटा चालला तुम्हाला, आणि मी इथे मरमर करतेय ती नाही चालत? माझा आवाज चढला होता. त्यांनी मला बसायला सांगितलं. कपाट उघडलं. डब्यांवरून बोट फिरवत एकेक नाव वाचलं. याचं कार्ड आलं आणि महिन्यात गेला. हिचं आलं, दुबईला गेली. याचं आलं आणि हा तर वरच गेला.

"छापलेला माणूस टिकत नाही गं," ते म्हणाले. "ज्यांनी राहावं असं वाटतं, त्यांचं मी लांबवतो."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हणजे हा इतका सगळा घोळ, ते कोपरे, ते दात कोरणं, तो उकाड्यातला खिसा, हा सगळा यांचा जिव्हाळा होता. दूर चहाच्या खिडकीतून मावशी हसत होत्या. त्यांना हे केव्हाचं ठाऊक होतं. बैठक तर त्यांचीही झाली होती म्हणे, चहा करणाऱ्या बाईला कार्ड कशाला हा प्रश्न जीएसएमना पडलाच नव्हता. मावशींनी मंद कागद आणि सरळ कोपरे निवडले होते आणि गेली कित्येक वर्षं त्या प्रूफाच्या रांगेत खुशीत उभ्या होत्या.

मला तेव्हा राग आला की बरं वाटलं, हे आजही नक्की सांगता येत नाही. बरंच वाटलं असणार, कारण मी पुन्हा तक्रार केली नाही. घरी मात्र कोपरे चालूच राहिले.

मग मालकांनी कंपनी विकली. मुलगे परदेशात, जावई एकशेतीसचा, करणार काय. नव्या मालकांचं ऑफिस पवईला काचेच्या इमारतीत होतं आणि तिथून आमचं भलं करायला एक तरुण आला. बिनमोज्यांचे बूट, हातात काळी कॉफी. मराठीच होता, पण ते त्याने बरेच दिवस कळू दिलं नाही. त्याने मावशींचा चहा नको म्हटलं तेव्हाच जीएसएमनी मला हळूच सांगितलं, बटर पेपर आहे, आरपार दिसतो.

त्याची एक कल्पना होती. रिसेप्शनला मोठा बोर्ड लावायचा आणि त्यावर प्रत्येकाचं व्हिजिटिंग कार्ड लावायचं. ज्याच्याकडे कार्ड तो गिऱ्हाइकाला भेटणारा, कंपनीचा चेहरा, तो मरोळलाच राहणार. ज्याच्याकडे नाही तो सपोर्ट. आणि सपोर्टसाठी पवईला माणसं आधीच होती. नारळ द्यायचा हा शब्द त्याने वापरला नाही, त्याऐवजी एक लांबलचक इंग्रजी शब्द वापरला, पण नारळ सगळ्यांनाच दिसला. माणसं न बघता माणसं निवडायची याहून सोपी युक्ती मी तरी पाहिलेली नाही. शुक्रवारी दुपारी त्याने जीएसएमना फर्मावलं, सोमवारी सकाळी प्रत्येकाचं एकेक कार्ड टेबलावर हवं.

तो गेल्यावर जीएसएमनी कपाट उघडलं. डब्याच डब्या. जे जे इथे नव्हते त्या सगळ्यांची कार्डं होती. जे होते त्यांच्यापैकी फक्त दोघांची, एक जावई आणि दुसरा अकाउंट्समधला एक, ज्याच्याशी पंख्याच्या रेग्युलेटरवरून त्यांचं वाजलं होतं. काटे दुरुस्त करणारे आमचे मेकॅनिक, ड्रायव्हर, मावशी, गोदामातली दोन माणसं, मी, ज्यांना ज्यांना त्यांनी जपून ठेवलं होतं ते सगळे कपाटात नव्हतेच. सोमवारी आमच्यापैकी एकही त्या बोर्डावर दिसणार नव्हता.

मी बोलले. मला राहवलं नाही. म्हटलं, काका, तुमच्या या शकुनापायी सगळ्यांची वाट लागली. मावशींच्या पोरीचं कॉलेज चाललंय, मेकॅनिकच्या घराचे हप्ते चाललेत, आता सांगा त्यांना कोपरे गोल हवेत की सरळ. ते नुसते हिरव्या कापडाची घडी घालत राहिले, उलगडत राहिले, पुन्हा घालत राहिले. एवढा मोठा माणूस असा बसलेला बघवत नव्हता.

शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. त्यांनी कधी कुणाला फोन केल्याचं मला आठवत नाही. घाटकोपरला ये, एवढंच म्हणाले.

प्रेस घाटकोपर पश्चिमेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात होती. प्रेसवाला इतक्या वर्षांत त्यांच्या प्रूफांनी पुरता पिचलेला. आम्हाला दारात बघूनच त्याने दोन्ही हात वर केले आणि आज मशीनवर दुसरं काम आहे, प्रूफ बिलकुल मिळणार नाही, असं आधीच सांगून टाकलं.

"प्रूफ नकोय," जीएसएम म्हणाले.

प्रेसवाल्याने हात खाली घेतले. "कागज कौनसा?"

"जो असेल तो."

"कॉर्नर?"

"काप आणि दे."

प्रेसवाल्याने मशीन बंद केलं. खुर्ची पुढे ओढली, त्यांना बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "घर में सब ठीक है ना?" मी सगळी हकिकत सांगितली. त्याने हातातलं काम खाली ठेवलं आणि कॉम्प्युटर माझ्यापुढे सरकवला.

मी नावं टाइप करत गेले आणि जीएसएम मागे उभे राहून हुद्दे सांगत गेले. मेकॅनिक झाले कॅलिब्रेशन तज्ज्ञ. ड्रायव्हर झाला ग्राहक संपर्क आणि वितरण. गोदामवाले दोघं साठा सल्लागार. मावशींना अतिथी विभागप्रमुख केलं, आणि खरं सांगायचं तर त्या कंपनीत गिऱ्हाइकाला बसवून घेण्याचं काम त्यांच्या आल्याच्या चहाइतकं कुणीच केलेलं नव्हतं. माझं नाव आलं तेव्हा म्हणाले, सीनियर लाव. मी म्हटलं, मी कुठे सीनियर आहे. म्हणाले, त्या बटर पेपरला काय कळतंय, लाव.

कागद अगदीच फडतूस निघाला. कुठल्या तरी ब्यूटी पार्लरच्या ऑर्डरीतला उरलेला, पातळ, चकचकीत, कडेला गुलाबी झाक. मला वाटलं, आता तरी ते ओरडतील. ते ताजी कार्डं पंख्याखाली पसरत होते आणि एकालाही बोटांत चोळत नव्हते.

सगळ्यांची झाली. मी म्हटलं, काका, आता तुमचं सांगा.

"माझं अजून ठरायचंय."

मी म्हटलं, आज तरी नाटक नको. सोमवारी तुम्हीही त्याच बोर्डासमोर उभे असाल. हुद्दा मी सुचवला, नाव स्वतःच टाइप केलं, प्रेसवाल्याचं बोट बटणावर. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग पंख्याखाली वाळणाऱ्या त्या गुलाबी झाकेच्या कागदाकडे पाहिलं.

"या कागदावर?" ते म्हणाले. "माझं नाव?"

आणि त्यांनी ते पुसायला लावलं. आमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या वाचवायला त्यांना पार्लरचा कागद चालला होता. स्वतःची वाचवायला चालला नाही. याला मोठेपणा म्हणावं की आडमुठेपणा, यावर मी आणि मावशी पुढे पुष्कळदा भांडलो. मी आडमुठेपणाच्या बाजूने होते आणि अजून आहे. पण कार्डं ऑफिसात ठेवायला मेट्रोने मरोळला जाताना मला फार रडायला आलं, आणि पिशवीतल्या कार्डांवर पाणी पडू नये म्हणून मी ती घट्ट मिटून धरली. शाई सुटली असती.

सोमवारी बोर्ड भरला. बिनमोज्यांचा तरुण त्याच्यासमोर उभा राहिला आणि खूश झाला. एवढे सगळे गिऱ्हाइकांना भेटणारे, वा. अतिथी विभागप्रमुख कोण, असं त्याने विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर कळलं असतं की तिने आत्ताच त्याच्या हातातला रिकामा कप उचलून नेला. बोर्डावर फक्त एक माणूस नव्हता, तेव्हा त्याने तोच काढला. त्याला कुणीतरी काढायचंच होतं, ते झालं.

जाताना जीएसएमनी कुणाचा निरोप समारंभ करू दिला नाही. गेलेल्यांच्या कार्डांच्या डब्या मात्र पिशव्यांत भरून नेल्या, चिठ्ठ्यांना होतील म्हणाले. मी त्यांचा घरचा नंबर मागितला. त्यांनी बोरिवलीच्या बॉसचं एक कार्ड काढलं, पाठीवर नंबर लिहिला आणि माझ्या हातात ठेवताना म्हणाले, "हे प्रूफ समज."

त्या दिवशी मी घरी गेले आणि माझं कार्ड वडिलांच्या हातात दिलं. त्यांनी ते आधी चष्मा लावून, मग चष्मा काढून वाचलं. सीनियर या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यांनी ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून आणलं होतं, चारी बाजूंनी अर्धा इंच कड ठेवून. ते अजून शोकेसमध्ये उभं आहे. जीएसएमना मी हे कधीच सांगितलेलं नाही, त्यांच्या तब्येतीचा विचार करून.

छापलेला माणूस टिकत नाही हा त्यांचा सिद्धान्त मात्र साफ खोटा पडला. आम्ही सगळे टिकलो. मावशी आहेत, मेकॅनिक आहेत, मी तर आता खरोखरच सीनियर आहे. बिनमोज्यांचा तरुण तेवढा लवकरच दुसरीकडे गेला. त्याचं कार्ड फार सुंदर होतं.

आता कार्डं अ‍ॅपवर होतात. डिझाइन निवडा, बटण दाबा, परवा दारात. अलीकडेच माझ्या हाताखाली एक मुलगी लागली. नायगावहून येते, बोलायला तिखट, पहिल्याच महिन्यात तिने मला दोनदा खोटं ठरवलं. तिचं कार्ड मागवायचं काम माझ्याकडे होतं. अ‍ॅप उघडलं, कोपऱ्यांपर्यंत आले आणि माझं बोट काही पुढे जाईना. अ‍ॅप बंद केलं, मरोळहून मेट्रो पकडली आणि घाटकोपरला गेले.

जीएसएम आता त्या प्रेसच्या काउंटरवर बसतात. प्रेसवाल्यानेच बोलावून घेतलं. गिऱ्हाईक घाईत येतं आणि हिरव्या कापडासमोर डोळे मिटून बसतं. निम्मी गिऱ्हाइकं यांच्यामुळे पळतात आणि उरलेली निम्मी दुसरीकडे जायचं नाव काढत नाहीत, असं प्रेसवाला मला सांगत होता. त्याची तक्रार वेगळीच होती. काउंटरवरच्या माणसाचं कार्ड नको का? त्याने हौसेने करायला घेतलंय, उत्तम कागद आणलाय, पण हा माणूस खुद का पास ही नहीं करता. मागच्या भिंतीवर टाचणीने प्रूफं लावलेली होती, एकाखाली एक, सगळ्यांवर लाल पेनाच्या खुणा.

मी म्हटलं, काका, आता तर कागदही चांगला आहे.

त्यांनी भिंतीकडे वळून पाहिलं. मग मशीनकडे, प्रेसवाल्याकडे, दारातल्या उन्हाकडे.

"इथं बरं चाललंय गं," ते म्हणाले. "छापायची घाई नको."

मग त्यांनी विचारलं, काम काय काढलंस. मी म्हटलं, नवी मुलगी आहे, तिचं कार्ड करायचंय. कशी आहे? मी म्हटलं, चांगली आहे. तीनशेच्या वर भरेल.

त्यांनी हिरवं कापड नीट केलं, नमुने ओळीने मांडले आणि लाल पेनाचं टोपण काढलं.

ते अजून तिथेच आहेत, बसलेले. म्हणून त्यांचं नाव मी छापलेलं नाही.